घरच्या स्विमिंग पूलचं दुधाळ पाणी नितळ कसं करावं

खोल टोकाला उभं राहून तळाची जाळी दिसत नसेल, तर पाणी नितळेपर्यंत कोणालाही आत उतरू देऊ नका. बुडालेला माणूस अशा पाण्यात काठावरून दिसत नाही. बाकीचं सगळं यानंतर.

पाणी गढूळ झालं की आपल्याकडे पहिला हात तुरटीकडे जातो आणि दुसरा ब्लिचिंग पावडरच्या पिशवीकडे. कारण न शोधता ही दोन्ही ओतली की दोन दिवसांचं काम आठवड्यावर जातं. गाळ पाण्याबाहेर काढतो तो फिल्टर. रसायनं त्याचं काम सोपं करतात, एवढंच.

आधी पेलाभर पाणी

काचेच्या पेल्यात पूलचं पाणी घ्या. मिनिटभरात ते नितळलं, तर त्यात नुसते हवेचे बारीक बुडबुडे होते. पंपाच्या जाळीच्या झाकणाची रबरी रिंग सुकली असेल, तिथून हवा ओढली जाते. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, फाटली असेल तर बदला.

तसं नसेल, तर दुसऱ्या पेल्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला. पाणी काही मिनिटांत स्वच्छ झालं तर तो चुना आहे. बोअरच्या जड पाण्यावर चालणाऱ्या फार्महाउसवर हे नेहमीचं: पीएच (पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे, याचं माप) चढला की पाण्यात विरघळलेला चुना बाहेर पडतो. इथे तुरटी नको, पीएच खाली आणा.

दोन्ही नसेल, तर तिसरा पेला रात्रभर स्थिर ठेवा. तळाशी मातीचा थर बसला तर पावसाचं वाहून आलेलं पाणी किंवा धूळ. सकाळीही तसंच धूसर किंवा हिरवट राहिलं, तर शेवाळ आणि सेंद्रिय घाण. कोकणात कधी क्लोरीन टाकल्यावर पाणी चहासारखं तांबूस होतं. ते पाण्यातलं लोह.

मोजल्याशिवाय काही टाकू नका

लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणा, मग 1000 ने गुणा. 8 बाय 4 चा, सरासरी 1.4 मीटर खोल पूल म्हणजे साधारण 45,000 लिटर. पुढची सगळी प्रमाणं याच पूलची आहेत.

पीएच 7.2 ते 7.6, मोकळं (अजून खर्ची न पडलेलं) क्लोरीन 1 ते 3 पीपीएम (दहा लाखात एक भाग), क्षारता (अल्कलिनिटी, पीएच स्थिर ठेवणारा गुण) 80 ते 120 पीपीएम हवी. ज्या किटमध्ये पाणी पिवळं होतं, ते एकूण क्लोरीन दाखवतं, त्यातलं मोकळं किती ते नाही. ज्यात पाणी गुलाबी होतं ते डीपीडी नावाचं किट घ्या. त्यातही एक खोच आहे: क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंग लगेच उडतो आणि क्लोरीन शून्य आहे असं वाटतं.

पीएच 8 च्या आसपास असेल, तर 30 टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक ॲसिड अर्धा लिटर घ्या. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं कधीच नाही. पंप चालू ठेवून खोल बाजूला सावकाश ओता आणि 4 तासांनी पुन्हा मोजा. हातमोजे, चष्मा हवाच. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र आले की विषारी वायू सुटतो, म्हणून बादल्याही वेगळ्या.

फिल्टर धुवा, मग चालू ठेवा

फिल्टरमधली वाळू स्वच्छ असतानाचा दाब प्रेशर गेजजवळ मार्करनं लिहून ठेवा. त्यापेक्षा 8 ते 10 पीएसआय (गेजवरचं दाबाचं एकक) चढला की बॅकवॉश करा, म्हणजे वाळूतून उलटं पाणी सोडून ती धुवा: व्हॉल्व्हजवळच्या छोट्या काचेतलं पाणी स्वच्छ दिसेपर्यंत 2–3 मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स (सरळ दिशेनं खळखळून धुणं). मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या, पाण्याची वाट बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा पंप बंद करूनच फिरवा, नाहीतर आतलं गॅस्केट फाटतं.

पंप ताशी 10,000 लिटर ओढत असेल तर साडेचार तासांत 45,000 लिटर फिरतं. पण स्वच्छ झालेलं पाणी परत गढूळ पाण्यातच मिसळतं, त्यामुळे एका फेरीनंतर तिसरा हिस्सा घाण उरलेलीच असते. म्हणून अशा वेळी पंप सलग 24 तास हवा. रोजच्या चार तासांनी काही होत नाही.

शेवाळ असेल तर क्लोरीनचा मोठा डोस

भिंती आणि कोपरे ब्रशनं घासा. उन्हात क्लोरीन भराभर उडतं, म्हणून सूर्य मावळल्यावर डोस द्या. 10 पीपीएमसाठी 65 टक्क्यांचं कॅल्शियम हायपोक्लोराइट सुमारे 700 ग्रॅम, किंवा 10 टक्क्यांचं द्रव सोडियम हायपोक्लोराइट साडेचार लिटर. पाणी जड असेल तर द्रवच बरं, त्यातून कॅल्शियम वाढत नाही. साध्या ब्लिचिंग पावडरचा चुन्याचा साका पूलमध्ये गेला की गढूळपणात भरच पडते.

डोस दिल्यावर तासाभरानं मोजा, पहाटे ऊन येण्याआधी पुन्हा मोजा. रात्रीत 1 पीपीएमपेक्षा जास्त घट झाली, तर आत अजून काही जिवंत आहे. पुढच्या संध्याकाळी पुन्हा डोस. हिरवं पाणी राखाडी-दुधाळ झालं तर घाबरू नका, मेलेलं शेवाळ तसंच दिसतं. क्लोरीन 3 च्या खाली येईपर्यंत पोहणं बंद.

टीसीसीए गोळ्या (क्लोरीनच्या सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या) आणि हायपोक्लोराइट एकाच डब्यात, एकाच चमच्यानं हाताळू नका; पेट घेऊ शकतात. गोळ्यांमधून सायन्युरिक ॲसिडही (क्लोरीनला उन्हापासून जपणारं रसायन) साठत जातं. ते 100 पीपीएमच्या वर गेलं की क्लोरीन मोजमापात दिसतं पण काम संथ करतं. यावर उपाय एकच: थोडं पाणी काढून नवीन भरणं. मोरचुदानं शेवाळ दबतं, पण पाणी निर्जंतुक होत नाही आणि जास्त झालं तर भिंतीवर डाग पडतात.

तुरटी, तीही सर्वात शेवटी

माती फारच बारीक असेल आणि फिल्टरला दाद देत नसेल, तरच. पीएच 7.2 ते 7.5 वर आणा. 8 च्या वर तुरटीचे गुठळे नीट बनत नाहीत. पूल काठोकाठ भरा, कारण पुढे पाणी जाणार आहे. 1 किलो तुरटी बादलीत विरघळवून सगळीकडे फिरवून ओता. व्हॉल्व्ह रिसर्क्युलेटवर (फिल्टर टाळून पाणी नुसतं फिरवणं) ठेवून अर्धा तास पंप चालवा, मग 10–12 तास बंद.

सकाळी तळाशी कापसासारखा थर दिसेल. व्हॉल्व्ह वेस्टवर (पाणी थेट बाहेर टाकणं) ठेवून अगदी हळू व्हॅक्यूम करा. घाई केली की थर उठतो आणि पुन्हा रात्रभर थांबावं लागतं. हा गाळ फिल्टरवर ओढू नका, वाळू चिकट होऊन आवळते. वेस्टची सोय नसेल तर लांब पाइपानं सायफन लावून गाळ बागेबाहेर सोडा. एवढ्या तुरटीनं क्षारता 10 पीपीएमच्या आसपास उतरते, तीही मोजून घ्या.

सगळं करूनही पाणी धूसरच, आणि दाब मात्र दिवसेंदिवस चढतच नाही? मग पाणी वाळूतून जातच नाही. पूलमध्ये पाणी परत येतं त्या इनलेटखाली वाळूचा ढीग दिसला तर फिल्टरच्या टाकीतली जाळीदार नळी तुटली आहे. तसं नसेल तर टाकी उघडून वाळूत भेगा पडल्या आहेत का, मल्टिपोर्टचं गॅस्केट फाटलं आहे का, ते पाहा. वाळू 5–7 वर्षं जुनी असेल तर बदला, पण बांधकामाची वाळू भरू नका, 0.5 मिलिमीटरच्या आसपास दाण्याची, धुतलेली सिलिका वाळूच लागते.