या चुका टाळा: मसाला चहा आणि कुंडीतला चहा

चहा फाटला की लोक म्हणतात, दूधच खराब होतं. मी आधी विचारते, आलं कधी घातलंत?

गेल्या गणपतीत मुलुंडला आमच्याकडे आरतीला 25 माणसं होती. भाच्याने वेळ वाचवायला 2 लिटर गार दुधातच किसलेलं आलं टाकलं, पातेलं बारीक गॅसवर ठेवलं आणि तो आरतीला येऊन उभा राहिला. मंत्रपुष्पांजली होईपर्यंत दुधाच्या गुठळ्या. सगळ्यांनी दूधवाल्याला नावं ठेवली, आणि मला त्या माणसासाठी फार वाईट वाटलं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक एन्झाइम असतं. 60-70 अंशांच्या आसपास ते जोरात काम करतं, आणि बारीक गॅसवरचं दूध नेमकं तिथेच रेंगाळतं. दक्षिण चीनमध्ये याच गुणावर आल्याच्या रसात गरम दूध ओतून गोड पदार्थ लावतात. उकळीत मात्र ते एन्झाइम मरतं. म्हणून आलं आधी पाण्यात, 4 मिनिटं खळखळू द्या. मग चहा पावडर, मग तापवलेलं दूध. मी आलं किसत नाही, खलबत्त्यात ठेचते. गवती चहाची पातही आल्यासोबतच, गाठ मारून. गुळाचा चहा करणार असाल तर गूळ गॅस बंद केल्यावरच.

कडक चहा म्हणजे तासभर उकळलेला चहा नव्हे. सीटीसीचे, म्हणजे आपल्या नेहमीच्या चहा पावडरीचे, दाणे पान चिरडून, फाडून, वळवून केलेले असतात, रंग 2-3 मिनिटांत उतरतो. पुढे उतरतो तो कडवटपणा. वेलची शेवटी ठेचून घाला. मसाल्याचा डबा सहा महिन्यांचा करून ठेवू नका, मुंबईच्या दमट हवेत त्याचा वास टिकत नाही.

आता कुंडी. गवती चहा हे गवत आहे, खरा चहा नव्हे. पण घाई असलेल्यांनी तोच लावावा: बाजारातल्या जुडीतली बुडाशी गड्डा असलेली काडी पाण्यात ठेवली की थोड्या दिवसांत मुळं धरते. खरं चहाचं झाड म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस. नर्सरीत नाव नीट विचारा. मला एकदा फुलांचा कॅमेलिया चहा म्हणून दिला होता, आणि ते मला वर्षभराने कळलं.

दुसरं रोप मी स्वतः मारलं. या झाडाला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण 4.5 ते 5.5. मी काय केलं? तुळशीला चालतं ते यालाही चालेल म्हणून अंड्याची टरफलं घातली, चुलीची राख घातली, वर सोसायटीच्या बोअरचं जड पाणी. पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. या तिन्हींनी मातीचं आम्ल कमी होतं, आणि आम्ल कमी झालं की झाडाला लोह घेता येत नाही, म्हणून ते उपाशी राहतं. मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून आणखी राख. मग जून आला. कुंडीखालची ताटली काढली नव्हती, मुळं आठवडाभर पाण्यात राहिली आणि कुजली. आसामात पाऊस पुष्कळ, पण मळे निचऱ्याच्या जमिनीवर असतात.

आता मी कोकोपीट, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी लाल माती वापरते, मे संपताच ताटली काढते, पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवते. दुपारच्या उन्हात हिरवी जाळी. दूध-साखरेचा चोथा कुंडीत टाकू नका, मुंग्या आणि बुरशी येते. धुऊन, वाळवून घाला.

आणि पहिल्याच वर्षी पानं खुडायला धावू नका. पहिली 3 वर्षं शेंडे फक्त झाड दाट व्हावं म्हणून खुडायचे. त्यानंतर दोन पानं आणि एक कळी. किलोभर चहाला साधारण 4-5 किलो ओली पानं लागतात, तेव्हा एका कुंडीतून एका खुडणीला जेमतेम दोन-तीन कप होतील. त्यात दूध, आलं, मसाला काहीच घालू नका.