पोराला पहिली फुटबॉल मॅच दाखवायला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमला नेताय? मग एवढं करा

पहिलं म्हणजे ईर्षेची मॅच निवडू नका. पाटाकडील विरुद्ध शिवाजी, नाहीतर पाटाकडील विरुद्ध दिलबहार, असली मॅच लागली की आपले पाय आपोआप स्टेडियमकडं वळतात हे मला पण कळतंय, पण त्या दिवशी गॅलरी खच्चून भरलेली असते, पुढचा एक उभा राहिला की मागचे सगळे उभे राहतात आणि पाच वर्षाच्या पोराला पूर्ण मॅचभर नुसत्या पाठी दिसतात. त्यापेक्षा लीगमधली एखादी साधी मॅच बघा, मधल्या वारी असलेली, ज्याला निम्मी गॅलरी मोकळी असते. पोरगं पायऱ्यांवर चढतंय उतरतंय, कंटाळलं तर जरा फिरवून आणता येतंय, कुणाच्या अंगावर पाणी सांडलं म्हणून भांडण नाही.

हे मी अनुभवानं सांगतोय. थोरलीला पहिल्यांदा नेलं तेव्हा ती पाच वर्षांची होती आणि मी तिला थेट एका फायनलला घेऊन गेलो. गर्दी, हलगी, शिट्ट्या, आणि मॅच सुरू व्हायच्या आधीच पाठीमागं कुणीतरी फटाक्याची माळ लावली. पोरीनं माझ्या खांद्यात तोंड खुपसलं ते काढलंच नाही. वीस मिनिटात आम्ही बाहेर, आणि पुढं वर्षभर फुटबॉल म्हटलं की ती आतल्या खोलीत जाऊन बसायची. मला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून धाकट्याच्या वेळी सगळं नीट ठरवून केलं.

वयाचं म्हणाल तर माझ्या मते पाच-सहा वर्ष हे बरोबर वय. तीन वर्षाचं पोरगं नेलं तरी चालतंय, पण मग ती त्याची मॅच नसते, ते तिथं फक्त बिस्कीट खायला येतं.

आठवडाभर आधी घरात थोडी तयारी करा. पोराला एक बॉल आणा, पण मोठ्यांचा पाच नंबरचा नको, आठ वर्षाच्या आतल्या पोरांना तीन नंबरचा बॉल बरोबर बसतो, हलका असतो आणि पायाला लागत नाही. मग गल्लीत नाहीतर गच्चीवर टेप घेऊन गोलपोस्ट मोजून दाखवा, २४ फूट रुंद आणि ८ फूट उंच. आमच्या धाकट्यानं खडूनं पार्किंगच्या भिंतीवर रेष ओढली आणि त्या रेषेच्या खाली उभा राहून वर बघत बसला, म्हणाला एवढं सगळं एकट्यानं अडवायचं? बस, तिथनं त्याला गोलकीपर कळला, मॅचला गेल्यावर पण त्याची नजर सगळ्यात जास्त गोलकीपरवरच होती.

नियम तीनच सांगायचे. हात लावायचा नाही (गोलकीपर सोडून), बॉल पूर्ण रेषेच्या पलीकडं गेला तर गोल, आणि शिट्टी वाजली की थांबायचं. पिवळं कार्ड लाल कार्ड दिसलं की तिथंच सांगा, ऑफसाईड तर पहिल्या दिवशी काढूच नका, मोठमोठ्या माणसांची त्याच्यावरनं गॅलरीत रोज वादावादी होतीय.

एक प्रश्न मात्र पोरं हमखास विचारतात, तालीम म्हणजे काय आणि तालमीची फुटबॉल टीम कशी काय. याचं उत्तर तयार ठेवा कारण ही आपल्या कोल्हापूरची खरी गोष्ट आहे. तालीम म्हणजे पेठेतली कुस्तीची जागा, लाल मातीचा आखाडा, जोर-बैठका, आणि त्याच तालमीत पोरं जमायची, तिथंच गणपती, तिथंच मंडळ, आणि फुटबॉलची टीम उभी राहिली ती पण त्याच नावानं. म्हणून पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम ही नावं आपण फुटबॉलच्या निकालात वाचतो. स्टेडियमला जाताना वाट थोडी वाकडी करून खासबाग मैदान बाहेरनं दाखवा, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ पासनं तिथं कुस्त्या चालल्यात. आधी कुस्तीचं मैदान आणि मग फुटबॉलचं, असं एका फेरीत दाखवलं की पोराच्या डोक्यात ते बरोबर जोडलं जातं, वेगळं समजवायला लागत नाही.

आता टीमचा विषय. आमच्या घरात मी मंगळवार पेठेतला, बायकोचं माहेर शिवाजी पेठ, त्यामुळं पोरगं कुणाचं ही चर्चा बारशापासनं चाललीय आणि त्याचे आजोबा (आईचे वडील) तर त्याला मांडीवर घेऊन आपल्या पेठेच्या टीमच्या गोष्टी सांगत असतात. ते सगळं गोड आहे, पण पहिल्या मॅचला मी मुद्दाम अशा दोन टीम निवडल्या ज्यातली एक पण आमची नव्हती. कारण आपली टीम मैदानात असली की आपलं पोराकडं लक्षच राहत नाही. बॉल गोलच्या जवळ आला की आपण उभे, पोराचा हात सुटला तरी कळत नाही. परक्या टीमची मॅच असली की तुम्ही निवांत पोराला बघू शकता, आणि खरं सांगतो, त्या दिवशी बघण्यासारखं तेच असतंय.

मॅच कुणाची आणि किती वाजता ते आदल्या दिवशीच पेपरात नाहीतर ग्रुपवर बघून घ्या. सीझन आपला हिवाळ्यापासनं पाऊस यायच्या आधीपर्यंत, त्यातला मार्च ते मे लई तापतंय, म्हणून शक्यतो डिसेंबर-जानेवारीतली मॅच धरा. उन्हाळ्यातच जायचं असेल तर दुपारची पहिली मॅच सोडून नंतरची बघा आणि मैदानाच्या पश्चिमेच्या बाजूला बसा, म्हणजे उतरतं ऊन पाठीवर येतं, डोळ्यात येत नाही. टोपी, पाण्याची बाटली, एक रुमाल ओला करून. जेवण करून निघा पण पोट टम्म भरून नको. शू घरातनं करूनच निघायचं, परत निघताना एकदा विचारायचं, परत स्टेडियमच्या आधी एकदा, याच्यावर मी आणखी काही लिहीत नाही, ज्याला पोरं आहेत त्याला समजलं.

गाडी जरा लांब लावा आणि शेवटचं पाच मिनिटं चालत जा, सुटताना गर्दीत गाडी काढायचा ताप वाचतो. चालत जाताना पोराच्या हातावर, मनगटाच्या आतल्या बाजूला, पेननं तुमचा मोबाईल नंबर लिहा आणि त्याला सांगून लिहा, की चुकलास तर जागेवर उभा राहा आणि पोलीसकाकांना नाहीतर लहान पोरं बरोबर असलेल्या कुठल्या पण मावशीला हा हात दाखव. हे सांगताना भीती घालायची नाही, खेळाचा नियम सांगतो तसं सांगायचं. कपडे उठून दिसणारे घाला, भडक पिवळा नाहीतर केशरी, पण त्या दिवशीच्या दोन्ही टीमच्या जर्सीचा रंग सोडून.

मॅच सुरू व्हायच्या अर्धा तास आधी पोचा. मोठ्या माणसाला वॉर्मअप म्हणजे वेळ काढणं वाटतं, पण लहान पोरासाठी तोच सगळ्यात भारी भाग आहे. तेव्हा गोंधळ नसतो, प्लेअर कडेला येऊन पळत असतात, बुटांचे स्टड ऐकू येतात, आणि बॉलला पाय लागल्याचा तो धप्प आवाज, जो टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर लाईव्ह बघताना कधीच येत नाही. आमच्या धाकट्यानं पहिला धप्प ऐकला आणि स्वतःच्या पोटावर हात ठेवला. म्हणाला पप्पा, इथं वाजलं. मला फुटबॉल बघायला लागून तीस वर्ष झाली असतील, पण तो आवाज पोटात वाजतो हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं, आता प्रत्येक मॅचला येतं.

कुठं बसायचं? गोलच्या मागं नको. शूट मारलेला बॉल चारशे-साडेचारशे ग्रॅमचा असतो आणि गोलपोस्टच्या बारवरनं आला तर लहान पोराला तो चुकवता येत नाही. टीमचे समर्थक जिथं झेंडे घेऊन बसतात तिथं पण पहिल्या दिवशी नको. कॉर्नरच्या बाजूची जागा बेस्ट, थोडी वरची पायरी, कडेची, म्हणजे उठून जायला वाट मोकळी. कॉर्नर किक मारायला प्लेअर तुमच्या समोर येतो, झेंड्याजवळ बॉल ठेवतो, दोन पावलं मागं जातो, हे सगळं पोराला जवळनं दिसतं. आणि लाईनमन, म्हणजे कडेच्या रेषेवरनं झेंडा घेऊन पळणारा पंच. पोरांना लाईनमन का आवडतो माहीत नाही पण आवडतो. माझं पोरगं पहिल्या हाफमधली दहा एक मिनिटं बॉल सोडून फक्त लाईनमनला बघत होतं, तो पळाला की हे बसल्या जागी पाय हलवायचं, त्यानं झेंडा वर केला की हा हात वर. तेव्हा त्याला "अरे बॉल तिकडं आहे, तिकडं बघ" असं म्हणू नका. जे बघतोय ते बघू दे. विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर गप्प बसा.

आवाजाची सवय करायला एक युक्ती आहे. बॉल गोलकडं चालला की त्याला आधीच हळू सांगायचं, आता आवाज होणार बघ, आणि त्यानं स्वतःचे हात कानावर ठेवायचे. दोन-तीन वेळा असं झालं की त्याला आवाज कुठनं येतो ते कळतं, मग भीती जाते आणि शेवटी शेवटी ते स्वतःच ओरडायला लागतं. ज्या पोराला आवाजाचा जास्तच त्रास होतो त्याच्यासाठी हेडफोनसारखे कान झाकायचे मिळतात ते घेऊन जा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

शिव्यांचं काय करायचं हे सगळे विचारतात. ऐकायला येणारच, खोटं कशाला बोलू. मी पोराला मॅचच्या आधीच सांगून टाकलं होतं की तिथं काही माणसं रागात घाण बोलतात, ते आपण बोलायचं नाही आणि घरी आणायचं नाही. शेजारचा फारच सुटला असेल तर भांडत बसू नका, "दादा, पोरगं बसलंय जवळ" एवढंच म्हणा. दहातले आठ जण लगेच गप्प होतात, वर पोराला शेंगदाणे देतात. उरलेल्या दोघांसाठी जागा बदला. आणि आपल्याकडं काही टीममधनं आफ्रिकेतले प्लेअर खेळतात, त्यांना बघून गॅलरीतनं कुणी काही वेडंवाकडं बोललं तर तिथल्या तिथं पोराला सांगा की हे चुकीचं आहे, तो माणूस घरदार सोडून एवढ्या लांबनं आपल्या पेठेसाठी खेळायला आलाय. हे नंतर घरी जाऊन सांगितलं तर उशीर होतो.

कधी गडबड झालीच, ढकलाढकली, बाटल्या, काही पण, तर काय झालं हे बघायला थांबायचं नाही आणि मोबाईल काढून शूटिंग तर अजिबात नाही. पोराला उचलून घ्यायचं, तोंड आपल्याकडं करून, आणि गर्दी जिकडं पळतीय त्याच्या उलट्या बाजूच्या गेटनं बाहेर. आल्या आल्या सगळी गेटं बघून ठेवायची ती याच्यासाठी.

हाफटाईमला पोराला विचारा, अजून बसायचं का. आणि नाही म्हणालं तर खरंच उठा. स्कोअर बरोबरीत असू दे, टायब्रेकर दिसत असू दे, उठा. तिकिटाचे पैसे ते किती, सिनेमाच्या मानानं काहीच नाहीत. त्याच्या मनासारखं उठलं की पुढच्या वेळी ते स्वतः म्हणतंय चला जाऊया. धाकटा पहिल्या दिवशी दुसऱ्या हाफची पंधरा-वीस मिनिटं बसला आणि म्हणाला भूक लागली, आम्ही निघालो. खासबागेत भेळ खाल्ली, त्याला कमी तिखट. मागनं स्टेडियममधनं एकदम गलका ऐकू आला, गोल झाला होता. मी काही बोललो नाही, तोच थांबला, चमचा तसाच हातात, म्हणाला, "कुणी मारला?" मला माहीत नव्हतं. घरी जाईपर्यंत तोच विषय.

आल्यावर प्रश्न विचारून भंडावू नका, आवडलं का, कोण जिंकलं, कुठला प्लेअर आवडला. गोष्ट सांगायची असेल तर अनिकेत जाधवची सांगा. कोल्हापूरचं पोरगं, २०१७ ला भारतात १७ वर्षाखालच्यांचा वर्ल्डकप झाला तेव्हा भारताच्या टीममध्ये होता. आमच्याकडं ही गोष्ट झोपताना चार वेळा झाली, प्रत्येक वेळी "तो पण तीन नंबरच्या बॉलनं खेळायचा का?" हा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गल्लीत पोरं जमली होती. दोन्हीकडं चपलांचे गोल, पाच विरुद्ध पाच. थोरली, जी वर्षभर फुटबॉलचं नाव काढू देत नव्हती, एका चपलेच्या गोलमध्ये हात पसरून उभी, आणि धाकटा खेळतच नव्हता. आईचा जुना पिवळा रुमाल एका काठीला बांधून तो कडेनं पळत होता, बॉल गटारीकडं गेला की थांबायचा, काठी वर करायचा, आणि सगळी पोरं खरंच थांबत होती.