एक वार राखून ठेवा

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये एकेकाळी ‘वार लावून जेवणे’ म्हणजे काय, हे कोणाला समजावून सांगावे लागत नसे. शिक्षणासाठी बाहेरगावाहून आलेला आणि खानावळीचे पैसे परवडत नसलेला मुलगा सात घरे धरत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी त्याच्या आठवड्याच्या जेवणाची सोय लागत असे. झोळी घेऊन दारोदार शिजवलेले अन्न मागणे म्हणजे मधुकरी. वाराची व्यवस्था तिच्याहून निराळी होती, कारण तिच्यात घर ठरलेले, दिवस ठरलेला आणि पानावर बसणारा मुलगाही ठरलेला असे. १९०९ साली निघालेले अनाथ विद्यार्थी गृह, म्हणजे आजचे पुणे विद्यार्थी गृह, आणि १९५५ साली स्थापन झालेली विद्यार्थी साहाय्यक समिती यांसारख्या संस्थांमुळे अशा अनेक मुलांना पुढे हक्काचा आसरा मिळाला आणि वार हळूहळू बोलण्यातूनही गेले.

दुसऱ्यासाठी काही करावे आणि त्यातून आपल्यालाही समाधान लाभावे, असे ज्यांना वाटते त्यांनी ही जुनी पद्धत विद्यार्थ्याच्या नव्हे तर वाढणाऱ्या गृहिणीच्या बाजूने पाहावी, अशी माझी सूचना आहे. तिच्यावर सातांपैकी एकाच दिवसाची जबाबदारी असे. उरलेले सहा दिवस तो मुलगा इतर घरांचा होता आणि त्या सहा दिवसांत तिने त्याची काळजी करावी अशी कोणाची अपेक्षा नसे. मात्र तिच्या वारी त्याला भात अधिक लागतो की पोळी, हे तिला पाठ असे.

बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्या वर्षी मी नेमके याच्या उलट केले. जुने कपडे गोळा करणे, वृक्षारोपण, वस्तीतल्या मुलांची शिकवणी, रुग्णांच्या नातेवाइकांसाठी डबे, जे समोर येईल त्याला मी हो म्हणत गेले आणि व्हॉट्सअॅपवरील चार गटांची सभासद झाले. दिवाळीपर्यंत माझी अवस्था अशी झाली की, फोन वाजला तरी छातीत धस्स होई. ‘घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे’ ही म्हण आमच्या सासूबाईंनी मला तेव्हा ऐकवली आणि कॅम्पाला लष्कर म्हणणाऱ्या या शहरात ती जरा जास्तच झोंबली. त्यांचे म्हणणे मला तेव्हा पटले नाही, आजही पूर्ण पटत नाही. भाकऱ्या भाजायला हरकत नाही, पण किती आणि कोणासाठी हे आधी ठरवले पाहिजे, एवढी दुरुस्ती मी त्यात करीन.

आनंद कशाने मिळतो

देण्याने माणूस सुखावतो, हे आपण पिढ्यान्पिढ्या ऐकत आलो आहोत, परंतु ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरते हे अलीकडच्या काही प्रयोगांमुळे अधिक स्पष्ट झाले आहे. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना सकाळी ५ किंवा २० डॉलर देऊन, काहींना ते स्वतःवर आणि काहींना दुसऱ्यावर संध्याकाळी ५ वाजेपर्यंत खर्च करण्यास सांगितले होते. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी आढळले आणि रक्कम ५ होती की २०, याने काही फरक पडला नाही. प्रयोगातील माणसे जेमतेम ४६ होती, त्यामुळे तेवढ्यावरून मोठा सिद्धान्त मांडू नये. २०१० साली नेटा वाइनस्टाइन आणि रिचर्ड रायन यांनी दाखवले की, मदत स्वेच्छेने केलेली असेल तर करणाऱ्याला बरे वाटते; भिडेखातर किंवा दडपणाखाली केलेल्या मदतीत तो लाभ दिसत नाही. तिसरा धागा २०१३ च्या एका अभ्यासाचा आहे: मलेरियापासून बचावासाठी तुमच्या पैशांतून मच्छरदाणी जाईल असे नेमके सांगणाऱ्या संस्थेला देताना लोकांना जो आनंद झाला, तो त्याच कामासाठी पण सर्वसाधारण निधी गोळा करणाऱ्या मोठ्या संस्थेला देताना झाला नाही.

हे तिन्ही धागे वाराच्या पंगतीत आपोआप एकत्र येत असत. रक्कम लहान, म्हणजे एका पानाची. वार द्यायचा की नाही हे घरचे ठरवणार. आणि दिलेले अन्न कोणाच्या मुखी गेले ते समोर दिसणार. काम निवडताना म्हणून स्वतःला हेच तीन प्रश्न विचारावेत आणि एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर ते काम कितीही थोर असले तरी नम्रपणे नाही म्हणावे. सोसायटीच्या वर्गणीसाठी दारात चौघे उभे राहिल्यावर दिलेल्या ५०० रुपयांनी आनंद का होत नाही, याचेही उत्तर यात मिळते.

शनिवार, दुपारी तीन

माझा वार शनिवार आहे. पुण्यात शिकणाऱ्या दृष्टिहीन विद्यार्थ्यांना वाचून दाखवणारी आणि परीक्षेत लिहिणारी माणसे नेहमीच कमी पडतात. लेखनिक होण्याची अनेकांची इच्छा असते, पण बहुतेक ठिकाणी लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे लागते, त्यामुळे आमच्यासारख्या पदवीधर निवृत्तांपेक्षा अकरावी-बारावीच्या मुलांना ते काम अधिक जमते. नियम परीक्षेगणिक बदलतात, म्हणून ते आधी संबंधित महाविद्यालयात विचारून घ्यावेत. तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, तेव्हा तीन तासांच्या पेपरला चार तास बसण्याची तयारी ठेवावी. आमच्या वाट्याला येते ते वाचन.

पहिल्या शनिवारी सदाशिव पेठेतल्या एका खोलीत सोलापूरकडच्या एका मुलीला मी अर्थशास्त्राचे पुस्तक वाचून दाखवत होते. बँकेत आयुष्य गेल्यामुळे विषय सोपा वाटत होता आणि वाचनाला वेगही होता. मागणीच्या नियमापाशी आल्यावर ‘इथे एक आकृती आहे’ एवढे म्हणून मी पान उलटले.

ती म्हणाली, “काकू, आकृती वगळू नका. सगळे तीच वगळतात.”

मी शब्दांत सांगून पाहिले, पण ‘डावीकडून उजवीकडे उतरणारी रेषा’ यातून तिला काही बोध होईना आणि मलाही ते खोटे वाटू लागले. पुढच्या शनिवारी मी मिठाईच्या खोक्याचे झाकण, सुतळी आणि फेविकॉल घेऊन गेले. खालची कड म्हणजे नग, डावी कड म्हणजे किंमत. मागणीची एक सुतळी उतरती चिकटवली, पुरवठ्याची दुसरी चढती. फेविकॉल वाळेपर्यंत आम्ही चहा घेतला. मग तिने डाव्या हाताने खोका धरला, उजव्या हाताची तर्जनी वरच्या टोकावर ठेवली आणि ती सावकाश खाली आणू लागली. दोन सुतळ्या एकमेकींवर चढतात तिथे थोडा उंचवटा झाला होता. बोट तिथे अडले. ती दोनदा मागे गेली, पुन्हा तिथेच आली आणि म्हणाली, “म्हणजे समतोल बिंदू हा. इथे टोचतो.”

मला त्या दिवशी घरी जाताना जे वाटले, त्यासाठी मी कोणतेही मोठे विशेषण वापरणार नाही. मात्र पहिल्या वर्षीच्या सगळ्या धावपळीत तसे एकदाही वाटले नव्हते.

या कामाच्या काही व्यावहारिक गोष्टी नवीन माणसाने आधीच लक्षात ठेवाव्यात. वाचताना विरामचिन्हे, कंसातला मजकूर आणि तळटीप सांगावी. परकी नावे एकदा अक्षर-अक्षर फोडून सांगावीत. आणि आपले मत मध्ये घालू नये, ही शेवटची गोष्ट मला आजही जड जाते. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करणार असाल तर प्रत्येक प्रकरणाची वेगळी फाइल करून सुरुवातीला पुस्तकाचे नाव आणि पान क्रमांक बोलावा, अन्यथा परीक्षेच्या आदल्या रात्री त्या मुलाला हवे ते सापडत नाही.

विचारल्यावाचून देऊ नये

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात आणि तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबा मंदिरात मुक्कामाला असते. त्या दिवसांत पुणेकरांचे औदार्य उतू जाते आणि ते शब्दशः उतू जाते, हीच अडचण आहे. एका वर्षी मी वीस डझन केळी घेऊन गेले, तेव्हा वारकऱ्यांच्या पिशव्या आधीच केळ्यांनी भरलेल्या होत्या आणि रस्त्याच्या कडेला सालींचा खच पडला होता. एका आजींनी माझ्या टोपलीकडे पाहून विचारले, “बाई, सुईदोरा हाय का?” त्यांच्या लुगड्याचा काठ उसवला होता. तिथून थोड्या अंतरावर एक चर्मकार वारकऱ्यांच्या चपलांचे अंगठे फुकट शिवत बसला होता आणि त्याच्यापुढची रांग केळीवाल्यांपेक्षा कितीतरी लांब होती. पुढच्या वर्षापासून आम्ही सुया, दोरे, सेफ्टी पिना आणि जखमेच्या पट्ट्या घेऊन जातो. खर्च केळ्यांपेक्षा कमी येतो.

हाच नियम जुन्या कपड्यांना लागू आहे. फाटके, विटके कपडे देऊन कपाट रिकामे झाल्याचे सुख मिळते. त्याला सेवेचे नाव देऊ नये. वृद्धाश्रमात वाढदिवस साजरा करण्यापूर्वी तिथल्या व्यवस्थापकांना फोन करून काय हवे ते विचारावे, कारण लाडूंपेक्षा डायपर किंवा फिनेल हवे असण्याची शक्यता अधिक असते.

रक्त, पैसे आणि कचरा

ज्यांना दर आठवड्याला वेळ काढणे शक्य नाही, त्यांनी वर्षातले वार ठरवावेत. १८ ते ६५ वर्षे वयाच्या, किमान ४५ किलो वजनाच्या आणि हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅमपेक्षा कमी नसलेल्या निरोगी व्यक्तीला रक्तदान करता येते. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी ते पुन्हा करता येते. रक्तातील प्लेटलेट्स साधारण पाचच दिवस टिकतात, त्यामुळे १५ ऑगस्टला एकाच शिबिरात शेकडो पिशव्या जमवून ही गरज वर्षभर भागत नाही. महाविद्यालये बंद असतात त्या मे महिन्याची तारीख दिनदर्शिकेवर आताच लिहून ठेवावी.

पैशांच्या बाबतीत, वर्षाला एकदा १२,००० देण्यापेक्षा महिन्याला १,००० देणे संस्थेच्या अधिक उपयोगाचे असते, कारण तिचे किराणा आणि पगार महिन्याच्या महिन्याला येतात. पावती घ्यावी, २,००० रुपयांहून अधिक देणगी रोख दिल्यास आयकरात तिची वजावट मिळत नाही.

आणि ज्यांना यातले काहीच जमणार नाही, त्यांनी फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहावे. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सभासद घरोघरी कचरा घेतात आणि तो पुढे हातांनी वेगळा करतात. हे औदार्य नव्हे, साधे कर्तव्य आहे. पण सुरुवातीला चालेल.

घेणाऱ्याच्या बाजूने

वारांविषयी लिहिताना मी आतापर्यंत त्यांची चांगली बाजू सांगितली. दुसरी बाजूही होती. काही घरी मुलाला शेवटच्या पंगतीत बसवत, जेवणाच्या बदल्यात पाणी भरून घेत, आणि तो पुढे शिकून नावारूपाला आला की ‘आमच्या घरी वार होता त्याचा’ हे चारचौघांत आवर्जून सांगत. जातीमुळे अनेक मुलांना तर वार मिळणेच शक्य नव्हते. देणाऱ्याला झालेल्या आनंदाची किंमत घेणाऱ्याला मोजावी लागते ती अशी. म्हणून आपण ज्याला वाचून दाखवतो, डबा पोचवतो किंवा शुल्क भरतो, त्याचे छायाचित्र काढू नये, त्याची कथा नातेवाइकांच्या गटावर टाकू नये आणि त्याच्याकडून कृतज्ञतेची अपेक्षा ठेवू नये. सोलापूरची ती मुलगी कधी कधी वैतागते, माझ्या इंग्रजी उच्चारांना हसते, एकदा तर न कळवता आलीच नाही. तेव्हा मला राग आला होता, हे कबूल केले पाहिजे. नंतर लक्षात आले की, फुकट मिळते म्हणून तिने माझ्याशी कायम अदबीनेच वागावे, असे मी मनात धरून चालले होते.

आपल्याला मात्र न कळवता गैरहजर राहता येत नाही. गावाला जायचे असेल तर किमान दोन दिवस आधी सांगावे, शक्य असल्यास बदली माणूस द्यावा आणि कुठवर वाचले ते त्याला लिहून द्यावे. सुरुवातीला तीन महिन्यांचीच मुदत बोलावी. ती संपल्यावर थांबणे किंवा पुढे चालू ठेवणे दोन्ही बाजूंना मोकळेपणाने ठरवता येते. माझी पहिली मुदत संपली तेव्हा मी तिला विचारले. ती म्हणाली, “पुढच्या शनिवारी पैशाचा पुरवठा आहे काकू, त्यात चार आकृत्या आहेत. सुतळी जास्त आणा.”