खडकाळ किनाऱ्यावर फोटो काढायला जाताय? हे बघून जा
आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, बाकी सगळं नंतर. ती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते म्हणून कालच्या अंदाजावर जाऊ नका, आणि पूर्ण ओहोटीच्या दीड-दोन तास आधी पोचलात तर पाणी मागे हटत असतं, खडक ओले चमकत असतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास तर एरवी न दिसणारे खडकही उघडे पडतात. हिरव्या शेवाळावर पाय अजिबात नको!! ट्रायपॉड घट्ट रोवा, कॅमेऱ्याचं शटर अर्धा ते एक सेकंद उघडं राहील असं ठेवा, आणि लाट परत फिरताना क्लिक करा, खडकांमधून फेसाच्या पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या येतात, मला तर हेच सगळ्यात आवडतं. समुद्राकडे पाठ करू नका. लेन्सवर खारे थेंब उडतातच, कापड खिशातच ठेवा. घरी आल्यावर ट्रायपॉड गोड्या पाण्याने धुवा.