कॉम्प्युटर उघडण्याआधी स्क्रूड्रायव्हरचं माप बघा

जळगाव-धुळ्याच्या दुकानात नुसता ‘स्टार’ मागू नका, टोकाचं माप सांगा. कॅबिनेट, पॉवर सप्लाय, मदरबोर्ड यांना बहुतेक पीएच २ लागतो (पीएच म्हणजे फिलिप्स, हेच ते ‘स्टार’ टोक; आकडा त्याच्या मापाचा). दांडी १५० मिमीची घ्या, म्हणजे प्रोसेसरच्या कूलरच्या आडचा स्क्रूही गाठता येतो. एम.२ एसएसडीच्या (मदरबोर्डवर बसणाऱ्या पातळ स्टोरेज पट्टीच्या) बारीक स्क्रूला पीएच ० किंवा पीएच १. टोक खाचेत बसवून हलवून पाहा. डगमगलं तर माप चुकलंय. तसंच फिरवलं की खाच झिजते आणि स्क्रू तिथेच अडकून बसतो. चुंबकी टोक बिनधास्त वापरा, नाहीतर निसटलेला स्क्रू मदरबोर्डखाली जाऊन शॉर्ट करू शकतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज पटकन साठते आणि तिने नाजूक भाग बिघडू शकतात, म्हणून मधूनमधून कॅबिनेटच्या रंग न लावलेल्या पत्र्याला हात लावत राहा.