आकडा बरोबर, एकक चुकलं: मोजमापातल्या या चुका टाळा

सातबाऱ्यावर १.२०.०० असं क्षेत्र दिसलं की बरेच जण ते एक एकर वीस गुंठे म्हणून वाचतात. ते असतं एक हेक्टर वीस आर, म्हणजे जवळपास तीन एकर. एवढ्याशा गैरसमजात अर्धी जमीन हिशेबाबाहेर जाते. वाटणी किंवा खरेदीखताच्या आधी रकान्यावर हे.आर.चौ.मी. लिहिलंय ना, ते बघाच. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. दोन्ही जवळजवळ सारखे असल्यामुळेच घोळ होतो. चाळीस गुंठ्यांचा एकर होतो, पण हेक्टर शंभर आरचा.

द्राक्षबागेत हीच चूक जास्त महागात पडते, कारण फवारा परत घेता येत नाही. पीपीएम म्हणजे एक लिटर पाण्यात एक मिलिग्रॅम. दहा पीपीएम जीए (जिबरेलिक आम्ल, द्राक्षावर फवारायचं वाढीचं संप्रेरक) द्यायचं असेल तर २०० लिटरच्या टाकीला २ ग्रॅम लागतं. पण हे झालं शुद्ध जीएचं वजन. पावडर ४० टक्क्यांची असेल तर तीच मात्रा गाठायला ५ ग्रॅम घ्यावी लागते. पाकिटावरची टक्केवारी न बघता शेजारच्या बागेतला आकडा उचलला, किंवा मिलिग्रॅमचे ग्रॅम करताना एक शून्य इकडेतिकडे झालं, की सगळं बिघडलं. जीए जास्त झालं तर घडाचे देठ जाड आणि कडक होतात. मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती बुचाने किंवा चमच्याने पावडर मोजण्याची. चमचा आकारमान मोजतो, वजन नाही. दोन वेगळ्या पावडरींचे सपाट चमचे एकाच वजनाचे भरतीलच असं नाही. ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, औषधाच्या मानाने तो स्वस्तच पडतो.

जुन्या पायलीची अडचणही हीच होती. पायलीभर बाजरी आणि पायलीभर भात यांचं वजन वेगळं, शिवाय पायलीही गावोगाव वेगळी. ज्याच्या हातात माप, त्याचाच फायदा. १९५६ च्या वजन-मापांच्या कायद्याने देशभर मेट्रिक पद्धत आणली. म्हणून लासलगावचा क्विंटलचा भाव दिल्लीतल्या व्यापाऱ्यालाही तसाच कळतो: १०० किलो, ना कमी ना जास्त.

पावसाळ्यात आणखी एक गल्लत ऐकू येते. ‘गंगापूर धरणातून दहा हजार क्युसेक पाणी सोडलं’ म्हणजे दहा हजार घनफूट पाणी गेलं, असं नाही. क्युसेक हा वेग आहे, सेकंदाला एक घनफूट. हाच विसर्ग चोवीस तास चालला तर ८६४ दशलक्ष घनफूट पाणी जातं. धरणातला साठा दशलक्ष घनफुटांत मोजतात, त्यामुळे विसर्गाची बातमी वाचताना तो किती तास चालला हेही विचारा.

सराफाकडे तोळ्यावर बोलणं थांबवा, ग्रॅम विचारा. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बोलण्यातला दहाचा. आजीच्या वहीतले पाच तोळे म्हणजे ५८ ग्रॅमच्या आसपास. ते ५० धरले तर ८ ग्रॅम सोनं तिथेच गेलं.

माल काट्यावर चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का आणि त्यावर वैध मापन विभागाचा पडताळणीचा शिक्का आहे का, हे बघा. शिक्का नसेल तर दुसऱ्या काट्यावर वजन करून मागा.