प्लूटोला आधी आजीचा नमस्कार

आमच्या बाळ्याची आणि मिकी माऊसची पहिली भेट चार सेकंदांत आटोपली. बाळ्या तेव्हा नऊ महिन्यांचा. लेक-जावई अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनला राहतात, तिथून अनाहाइमचं डिस्नीलँड गाडीने अर्ध्या तासावर. रांगेत पाऊण तास ताटकळल्यावर आमचा नंबर लागला आणि जावयांनी मोठ्या हौसेने पोराला काखेत धरून, हात लांब करून, थेट मिकीच्या, म्हणजे मिकीचं सोंग घेतलेल्या माणसाच्या, नाकासमोर नेलं. पोरगं आधी काठीसारखं ताठ झालं. मग श्वास धरला. मग जे रडलं, ते ऐकूनच मागच्या रांगेतली दोन पोरं रडायला लागली. पुढचे पंधरा दिवस जावयांनी जॅकेटची टोपी डोक्यावर ओढली तरी याचा ओठ बाहेर यायचा.

चार महिन्यांनी आम्ही परत गेलो, ते माझ्या पद्धतीने. पद्धत माझी म्हणते, पण खरं तर ती माझ्या सासूबाईंची. वाईला तान्ह्या पोराला पहिल्यांदा ढोल्या गणपतीला नेतात. मूर्ती एवढी थोरली की मोठ्या माणसालाही मान वर करावी लागते. सासूबाई बाळाला घेऊन तडक मूर्तीपुढे कधीच गेल्या नाहीत. आधी लांब खांबाला टेकून बसायच्या, बाळाला मांडीवर बसतं धरायच्या आणि त्याच्याकडे न बघता स्वतःच हात जोडून बाप्पाशी गप्पा मारायच्या. कोणी घंटेला हात घातला की यांचा तळवा बाळाच्या कानावर. पोरगं एकदा बाप्पाकडे बघायचं, एकदा आजीच्या तोंडाकडे. असं चार-पाच वेळा झालं की मगच त्या उठायच्या.

त्यातलं 'आजीच्या तोंडाकडे' हेच सगळं मर्म आहे. आठव्या-नवव्या महिन्यापासून मूल अनोळखी काही दिसलं की आधी आपल्या माणसाचा चेहरा वाचतं. आईच्या कपाळावर आठी, तर पळा. आई हसतेय, तर बघू या. आता बाळाला हात लांब करून पुढे धरलं, तर त्याची पाठ आपल्याकडे. त्याला आपला चेहरा दिसतच नाही, दिसतं फक्त ते अवाढव्य डोकं. शिवाय डिस्नीलँडच्या या सोंगांचं तोंड हलत नाही, पण अंग हलतं. देवळातली मूर्ती निदान जागची हलत नाही. इथे डोळे मिटत नाहीत, हसू बदलत नाही, शब्द फुटत नाही, आणि हात मात्र आपल्याकडे येतोय! जे मूल नऊ महिने फक्त चेहरे वाचायला शिकलंय, त्याने काय समजायचं?

म्हणून पहिलं काम म्हणजे वय बघा. चार-पाच महिन्यांचं बाळ कोणाकडेही जातं. तेव्हा खुशाल फोटो काढा, तो आपल्यासाठीच असतो. साधारण आठ महिने ते दीड वर्ष हा काळ अवघड. पोर आतापर्यंत शेजाऱ्यांकडे हसत जात होतं, म्हणून गूफीकडेही जाईल असं धरून चालू नका. तिकिटाची मात्र चिंता नाही, तीन वर्षांच्या आतल्या मुलांना प्रवेश फुकट. त्यामुळे 'एवढे पैसे भरलेत, आता भेटलंच पाहिजे' हा हट्ट निदान बाळाच्या नावाने तरी करू नये.

तयारी घरी, पंधरा दिवस आधीपासून. कापडी प्लूटो, म्हणजे मिकीचा कुत्रा, आणून ठेवला की झालं, असं लेकीला वाटत होतं. पण वीतभर प्लूटो वेगळा आणि बापाएवढा प्लूटो वेगळा. आम्ही खेळ केला तो 'बुवाऽ कुक'चा. आधी नुसता पदर, मग टॉवेल, मग आजोबांचा काळा चष्मा, मग ओव्हनचे जाड हातमोजे घालून टाळ्या. प्रत्येक वेळी झाकायचं बाळाच्या डोळ्यांदेखत आणि उघडायचं लगेच. चेहरा झाकला तरी आतला माणूस तोच असतो, एवढं त्याच्या ध्यानात आलं की पुष्कळ. शेवटी शेवटी बाळ्या स्वतःच टॉवेल ओढायचा.

आणि एक बंद करा. 'जेव, नाहीतर बुवा येईल.' आमच्या गल्लीत कडकलक्ष्मी आली, कोरड्याचा आवाज झाला की बायका पोरांना म्हणायच्या, रडलास तर हिच्याकडे देईन. मीही म्हटलंय, लेक अजून काढते ते. वर्षभर बुवाची भीती घालायची आणि मग चारशे माणसांच्या गर्दीत पोराला बुवाच्याच हातात द्यायचं, हे कसं जमावं?

जायच्या दिवशी घड्याळ बाळाचं धरा, पार्कचं नाही. बाळ्याची सकाळची झोप साडेनऊला. ती बाबागाडीतच होऊ दिली, उठल्यावर खायला घातलं, आणि मगच भेटीचं नाव काढलं. बाहेरचं खाणं आत नेता येतं. काचेची भांडी चालत नाहीत, पण बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्यांना सूट आहे. मी थर्मासमध्ये मऊ भात आणि डब्यात नाचणीचं सत्त्व नेलं होतं. फाटकातून आत जाणाऱ्या मेन स्ट्रीट नावाच्या रस्त्याच्या टोकाला, प्लाझा इन या खाणावळीजवळ, बेबी केअर सेंटर आहे. दूध पाजायला खोली, लंगोट बदलायला टेबलं, उंच खुर्च्या, सगळं आहे आणि शांतता आहे. आत गेल्या गेल्या ते कुठे आहे बघून ठेवा, रडारड झाली तर पळायला जागा लागते. बाबागाडी एकतीस इंचांपेक्षा रुंद आणि बावन्न इंचांपेक्षा लांब चालत नाही, जुळ्यांच्या आईबापांनी आधीच मोजून घ्यावी.

आता पात्र कोणतं? दोन जाती आहेत. राजकन्या वगैरे मंडळींचा चेहरा उघडा असतो, त्या बोलतात, आणि बाळांना त्या नुसत्या नटलेल्या मावश्या वाटतात. मिकी, मिनी, प्लूटो, गूफी, पू अस्वल ही केसाळ नाहीतर मोठ्या डोक्यांची मंडळी अजिबात बोलत नाहीत, सगळा कारभार खुणांचा. मला विचाराल तर पहिली भेट प्लूटोशी. ज्या मुलाला 'भूभू' हा शब्द येतो, त्याच्यासाठी तो अर्धा ओळखीचाच. मिकी उंदीर आहे हे बाळाला काय कळतं? (मी बाळ्याला 'हे बाप्पाचे उंदीरमामा' असं सांगून पाहिलं. लेक हसली, तो नाही.) आणि स्टार वॉर्सच्या भागात काळे मुखवटे आणि पांढरी चिलखतं घालून माणसं फिरतात, तिकडे या वयात बाबागाडीचं तोंडसुद्धा वळवू नका.

जागेचंही तसंच. पार्कच्या टूनटाउन नावाच्या भागात मिकीचं घर आहे. छान आहे, पण घरातून फिरत फिरत शेवटी एका छोट्या खोलीत एकदम मिकी समोर येतो. मोठ्यांना त्यात गंमत वाटते, पण बाळाला लांबून बघायची सोयच नाही. आम्ही चार सेकंदांत गारद झालो ते तिथेच, आणि त्यात दोष आमचा होता. पहिली भेट उघड्यावर हवी. सकाळी फाटकातून आत गेल्यावर मेन स्ट्रीटच्या चौकात कोणी ना कोणी उभं असतं, कोण कुठे आहे ते त्यांच्या ॲपवरही दिसतं. पात्रं टेबलापाशी येतात त्या जेवणाच्या जागाही सुरुवातीला नकोत. बाळ उंच खुर्चीत पट्ट्याने बांधलेलं, आणि मागून गूफी! पुढेमागे गेलातच, तर बाळाला भिंतीकडच्या बाजूला, येणारा समोरून दिसेल असं बसवा.

आणि हा आमचा दुसऱ्या वेळचा प्रसंग. चौकात प्लूटो होता, भोवती वीसेक माणसं. आम्ही रांगेत न लागता बाजूला, तीस पावलांवर, सावलीत थांबलो. बाळ्या लेकीच्या कडेवर, छातीला छाती लावून नव्हे, कुशीला बसलेला, म्हणजे मान वळवली की प्लूटो आणि परत वळवली की आई. मी मोठ्याने म्हटलं, "अगंबाई, भूभू आलाय! शेपटी बघ केवढी." दहा मिनिटं आम्ही नुसते बघत होतो. दुसरी मुलं जातायत, मिठी मारतायत, परत येतायत. हे परत येणं बाळाला दिसणं फार महत्त्वाचं, मला वाटतं. मग जावई रांगेत लागले आणि आम्ही पंधरा पावलांवर आलो. बाळ्याची मूठ आईच्या कुडत्यात घट्ट होती. मूठ सैल होईपर्यंत पुढे जायचं नाही, एवढा एकच नियम मी घरून करून आणला होता.

प्रत्येक पात्राबरोबर पार्कचं एक माणूस असतं, रांग सांभाळणारं. नंबर लागायच्या आधी त्याला सांगून ठेवा की बाळ घाबरतं, सावकाश. जावयांनी सांगितलं. त्या मुलीने प्लूटोला काहीतरी खूण केली, आणि प्लूटो चक्क खाली बसला. बाळ्याकडे बघेना. दोन्ही पंजे स्वतःच्या डोळ्यांवर ठेवून लाजल्यासारखं करत राहिला. ही माणसं यात तरबेज असतात, त्यांना त्यांचं काम करू द्यावं.

मग मी एकटी पुढे गेले. नऊवारीत नव्हते, पण कपाळाला कुंकू आणि पायात स्पोर्ट शूज अशी मी प्लूटोपुढे उभी राहिले आणि दोन्ही हात जोडून म्हटलं, "नमस्कार हो, भूभू." प्लूटोने पंजे जोडले! कुठे शिकला कोण जाणे. मी त्याचा पंजा हातात घेतला, हलवला, कान कुरवाळला आणि चालत परत बाळ्याकडे आले. त्याने माझा हात धरला, उलटा केला, पालटा केला, तळवा बघितला. बोटं सगळी जागच्या जागी होती.

त्यानंतर लेक गेली, बाळ्याला कडेवर घेऊनच. प्लूटोकडे तिचा खांदा आधी, बाळ पलीकडच्या कुशीवर. तिने प्लूटोच्या नाकाला बोट लावलं. मग बाळ्याने आईचं बोट धरलं. मग त्या बोटाबरोबर त्याचंही बोट पुढे गेलं, आणि त्या काळ्या नाकाला टेकलं. लगेच मागे घेऊन त्याने स्वतःचं नाक चाचपलं. हसला नाही. गंभीरपणे पुन्हा एकदा प्लूटोचं नाक, पुन्हा स्वतःचं. आमचं काम झालं होतं, आम्ही तिथेच थांबलो. मिठी वगैरे काढून घ्यायच्या भानगडीत पडलो नाही.

फोटोबद्दल. पार्कचा फोटोग्राफर असतो, तो आपल्या फोनवरही काढून देतो. बाळाने कॅमेऱ्याकडे बघावं म्हणून चौघांनी चार बाजूंनी टाळ्या वाजवू नयेत, पोर त्या गलक्यानेच बिथरतं. एकाच माणसाने फोटोग्राफरच्या खांद्यामागे उभं राहून ओळखीचा खुळखुळा वाजवावा. बाळाला पात्राच्या मांडीवर ठेवून आईने बाजूला सरकणं, हा प्रकार तर नकोच. आईसकट फोटो काय वाईट दिसतो? आमच्या फोटोत बाळ्या कॅमेऱ्याकडे नाही, नाकाकडे बघतोय. लेकीने तोच फ्रेम केला.

रडलंच तर? पाठ फिरवून लांब या, पण दिसणारच नाही इतकं लांब नको. 'काही करत नाही तो, वेडा कुठला' असं म्हणू नका, आणि हसू तर नकाच. त्याला जे वाटलं ते शब्दांत सांगा: भूभू मोठा होता, भीती वाटली, आई आहे. रडू ओसरलं की पंधरा-वीस पावलांवरून टाटा करायला लावा, आणि पात्राने उलट टाटा केला की निघा. शेवट टाटावर झाला पाहिजे, किंकाळीवर नाही. त्या दिवशी दुसऱ्या पात्राकडे जाऊ नका. पहिल्या वेळी आम्ही 'मिकीला घाबरला, मिनीला नाही घाबरणार' म्हणून तसंच पुढे गेलो होतो. घाबरला.

बारीकसारीक गोष्टी सांगायच्या तर, केसाळ कापडाला हात लावल्यावर बाळाचे हात पुसा, ते लगेच तोंडात जातात. आधीही पुसा, चिकट हाताने कोणाच्या मिशा ओढल्या जाऊ नयेत. मिरवणूक बघायची तर पहिल्या ओळीत बसू नका, मागून बघा, कानाला मफ लावा. पार्कच्या आतच सिटी हॉल नावाची इमारत आहे, तिथे पहिल्या भेटीचा बिल्ला फुकट मिळतो, तो पिनेचा असतो, म्हणून बाळाच्या अंगावर न लावता बाबागाडीला लावा.

घरी आल्यावर आठवडाभर फोटो दाखवले. बाळ्या फोनवरच्या नाकाला बोट लावायचा आणि 'भू' म्हणायचा. मी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. मोहरी जाळली मात्र नाही, तिथला धुराचा भोंगा प्लूटोपेक्षा भयंकर आहे.

प्लूटो भेटला त्याच दिवशी दुपारी, पार्कमध्येच, एक झाडूवाला पाण्यात झाडू बुडवून फरशीवर मिकीचं तोंड काढत होता. बाळ्याला खाली सोडलं, तर रांगत जाऊन त्याने उंदीरमामांच्या कानावर दोन्ही तळवे थापटले आणि ओल्या हातांनी माझ्या साडीचा काठ धरला. खऱ्या मिकीकडे मात्र तो अजून गेलेला नाही. वीस पावलांवरून टाटा करतो, तेवढंच.